गळ्यातली सुलक्षणा

सुलक्षणा गेली तेव्हा मागं एक मुलगी आणि एक भट्टी ठेवून गेली. मुलीला आई हवी होती आणि भट्टीला हात, म्हणून वर्षाच्या आत गोरखनं मंगलला करून आणली, असं पालीतल्या बायका आजही सांगतात. गोरखला स्वतःला काय हवं होतं ते कुणी विचारलं नाही, आणि मंगलला विचारायचा तर प्रश्नच आला नाही. तिच्या माहेरचं शिवार गुंजवणीच्या धरणात गेलेलं, आईबाप नव्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत बसलेले, आणि पोरीचं वय उलटून चाललेलं. बिजवर का होईना, पण राजगडाच्या पायथ्याला स्वतःची खाचरं आणि विहीर असलेला नवरा मिळतोय म्हटल्यावर तिच्या बापानं सुपारी फोडायला जराही वेळ लावला नाही.

भट्टी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. सुलक्षणानं नसरापूरच्या एका वेल्डरकडून तेलाचं पिंप आडवं कापून ती करून घेतली होती. खाली निखारे, मधे जाळी, जाळीवर ट्रे, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर पुन्हा निखारे. पण अशी वस्तू आख्ख्या आळीत दुसरी नव्हती. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी सगळ्या बायका आपापला मैदा, डालडा, पिठीसाखर घेऊन गोरखच्या अंगणात जमायच्या. करंज्या-शंकरपाळ्या ज्याच्या त्याच्या चुलीवर, नानकटाई मात्र सगळ्यांची मिळून. भाताची कापणी ऐन रंगात असायची, बोटं पात्यांनी कापलेली असायची, तरी त्या दुपारी एकही बाई शेतावर जात नसे. वर्षभर पोटात ठेवलेलं सगळं त्या भट्टीभोवती बाहेर पडायचं. अंगणाच्या कडेला पोरं मातीचा किल्ला बांधत बसायची. डोक्यावर खरा राजगड उभा असताना यांना मातीचा कशाला लागतो, ते त्यांनाच ठाऊक.

मंगलला हळद लागायच्या आधी सासूनं तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. बिजवराच्या बायकोला तो चुकत नाही. सुलक्षणाचे पैंजण मोडून सोनारानं चांदीचा एक लहानसा पत्रा ठोकला होता, त्यावर हात जोडून उभी असलेली बाई. तिला नाक-डोळे म्हणावेत असे नव्हतेच, नुसते ठिपके. काळ्या दोऱ्यात ओवलेली ती बाई म्हणजे पहिली. तिचा मान आधी. नवं लुगडं घेतलं की आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा. टाक अंगावेगळा करायचा नाही. केला तर काय होतं, असं मंगलनं एकदा विचारलं, तेव्हा सासूनं डोळे मिटून नुसती मान हलवली. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. न सांगितलेली भीती माणूस आपल्या मापानं शिवून घेतो, आणि मंगलनं ती चांगली ढगळ शिवली.

लग्नानंतरची पहिली दिवाळी आली. मंगलनं तोवर नानकटाई पाहिली होती ती एसटी स्टँडवरच्या बरणीत. शेजारची रत्ना, सुलक्षणाची जिवाभावाची मैत्रीण, तिनं पीठ कसं मळायचं, गोळे किती अंतरावर ठेवायचे, सगळं दाखवलं. भट्टीतून कधी काढायचं ते मात्र सांगितलं नाही. ते हाताला कळतं म्हणाली, सुलक्षणाला कळायचं. मंगल भट्टीच्या उजव्या अंगाला मांडलेल्या पाटावर बसायला गेली तर रत्नानं तिचं कोपर धरून तिला मागं ओढलं. तो पाट सुलक्षणाचा होता. दरवर्षी मांडायचा आणि मोकळा ठेवायचा, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं.

मग मंगल पाटाच्या समोरच्या अंगाला उकिडवी बसली आणि दर थोड्या वेळानं वाकून झाकणाच्या फटीतून आत बघू लागली. वाकलं की गळ्यातला टाक पुढं लोंबायचा आणि झाकणावरच्या निखाऱ्यांवर डोलायचा. सरळ झालं की छातीला टेकायचा. दोन-चार वेळा तो नुसता ऊन लागला. पुढच्या वेळी असा चटका बसला की मंगलच्या तोंडून हाय निघालं आणि गडबडीत तिनं झाकणच उचललं. आत नानकटाई बदामी झाली होती, वर बारीक भेगा पडलेल्या, कड ना कच्ची ना करपलेली. बायका बघतच राहिल्या. पहिल्यांदा भट्टीला बसलेल्या बाईच्या हातून असं कुठं होतं का?

"चटका दिला की तिनं," रत्ना म्हणाली. "सुलक्षणा आली, बायांनो."

एका म्हातारीनं हात जोडले. मंगलला वाटलं आपल्याला जोडले, म्हणून ती लाजून हसली. मग लक्षात आलं की म्हातारी तिच्या गळ्याकडे बघत होती.

पहिली नानकटाई घरातल्या कोनाड्यात सुलक्षणाच्या नावानं ठेवली. दुसरी बायकांनी शेफालीच्या हातात दिली. शेफाली तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची, दोन वेण्या, गुडघे सोललेले. खा गं, अगदी तुझ्या आईच्या हातची हाय, असं सगळ्या एका सुरात म्हणाल्या. पोरीनं ती नाकाशी नेली, वास घेतला आणि पायरीवर ठेवून दिली. मला न्हाई आवडत, एवढंच म्हणाली आणि मातीच्या किल्ल्याकडे निघून गेली. मंगलला तोंडात मारल्यासारखं झालं. बायकांच्या नजरा पुन्हा तिच्या गळ्याकडे वळल्या, जणू तिथून काही उत्तर येणार होतं.

ती पहिली दिवाळी, आणि मग दरवर्षी तेच. मंगलला चटक्याची रीत कळली. टाक नुसता ऊन लागला की अजून थांबायचं, चांगला पोळला की झाकण उचलायचं. कधी चुकलं नाही. तिची नानकटाई इतकी नावाजली की गुंजवण्यापर्यंतची माणसं मागून नेऊ लागली. गडावर जाणारी पुण्याची पोरंपोरी गोरखच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खायला टेकायची, तीही पुडे बांधून नेऊ लागली. कौतुक मात्र सुलक्षणाचं. दरवर्षी कुणीतरी घास मोडून मंगलच्या गळ्याशी बोलायचं: सुलक्षणे, हात काय गेला न्हाई गं तुझा. मंगल समोर बसलेली असायची आणि बोलणं तिच्या हनुवटीखाली चालायचं. स्वतःच्या अंगात राहून पाहुण्यासारखं वाटणं म्हणजे काय ते तिला चांगलंच कळलं.

आणि हे दिवाळीपुरतं असतं तरी तिनं चालवून घेतलं असतं. पण सुलक्षणा बारमाही होती. कोनाड्यातली नानकटाई संध्याकाळपर्यंत नाहीशी व्हायची. उंदीर, गोरख म्हणायचा. त्या घरात मंगलनं उंदीर कधी पाहिला नाही. एकटी भांडी घासत असताना मागं पाट कुरकुरल्याचा आवाज यायचा. ऐन आषाढात, चूल विझून थंड पडलेली असताना, छातीवर टाक चटकन पोळायचा आणि ती हातातलं टाकून उभी राहायची. मग घरभर फिरून बघायची, काय चुकलं, काय उतू जातंय, कुठं काय जळतंय. काही नसायचं. गळ्याखाली खड्ड्यात एक काळा डाग कायमचा पडला. केस विंचरताना आरशात आधी तो डाग दिसायचा आणि मग ती स्वतः.

तिला मूल झालं नाही. भोरच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, साधं, सरळ, पोथीपुराण नसलेलं. आळीनं ते ऐकून घेतलं आणि आपलंच खरं धरलं: पहिलीला नको होतं. मंगलसुद्धा कधी कधी तसंच धरायची. दोष द्यायला कुणीतरी लागतं, आणि ही तर गळ्यातच होती.

पण शेफाली तिनं पोटच्या पोरीसारखी वाढवली, यात आळीलाही काही बोलता आलं नाही. वेण्या घातल्या, उवा काढल्या, गणितात नापास झाली तेव्हा बापाच्या आधी मास्तरांकडे गेली. वेल्ह्याच्या शाळेची गाडी चुकली की भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन अर्ध्या रस्त्यापर्यंत सोडायला जायची. पोरीनं पहिल्यांदा मोबाईल मागितला तेव्हा गोरखशी भांडून तो घेऊन दिला. शेफाली तिला मावशी म्हणायची, आणि त्या मावशीत माया होती, तुटकपणा नव्हता. ताप आला की मंगलच्याच मांडीवर डोकं ठेवायची. तिनं केलेली आमटी ओरपायची, बोंबील चाटून-पुसून खायची, पुरणपोळीवर तर तुटून पडायची.

फक्त नानकटाई नाही. दरवर्षी मंगल एक तिच्यासमोर धरायची, दरवर्षी शेफाली नको म्हणायची. चिडून नाही, रडून नाही, अगदी गोडीत. आणि दरवर्षी मंगलच्या काळजाला तो एक नकार लागायचा, बाकीच्या सगळ्या मायेवर पाणी ओतून जायचा. जगातल्या कुणीही तिची नानकटाई खाल्ली नसती तरी तिला चाललं असतं. या एका पोरीनं एक खावी, एवढंच तिला हवं होतं. त्यात तिच्या आयुष्याचा सगळा हिशोब अडकून बसला होता म्हटलं तरी चालेल. ती मनात म्हणायची, सगळी म्हणतात सुलक्षणासारखी झाली, पण पोरीची जीभ खोटं बोलत नाही. तिला कळतं, ही आईची नव्हे. चोरीचा माल तिला ओळखू येतो.

शेफालीचं लग्न गेल्या वैशाखात झालं. जावई इंद्रजित शिरवळच्या कंपनीत, घर भोरला. म्हणजे ही तिची पहिली दिवाळी, दिवाळसण. जावई पाडव्याला येणार होता, शेफाली चार दिवस आधीच आली. सासरी न्यायला फराळाचे डबे भरून द्यायचे होते, आणि शेफालीच्या सासूनं फोनवर मुद्दाम सांगितलं होतं की तुमच्या आळीच्या नानकटाईचं लई ऐकलंय. आता सगळं गाव खाणार, परकी माणसं खाणार, आणि पोर डबा उचलून नेणार पण तोंडाला लावणार नाही.

मंगल सामान आणायला नसरापूरला गेली. येताना वडापच्या जीपमध्ये मांडीवर मैद्याची पिशवी घेऊन दाटीवाटीनं बसली असताना तिच्या मनात एक गोष्ट आली, आणि आली ती गेलीच नाही. पोरीला आईची नक्कल नको आहे. मग नक्कल करायचीच कशाला? या वर्षी सुलक्षणाला विचारायचंच नाही. तिला आत ठेवायचं आणि बाहेर भट्टीला एकटीनं बसायचं. कच्ची राहो, वाकडी होवो, पण जी होईल ती मंगलची होईल. ती मंगलची म्हणून पोरीनं खाल्ली तर खाल्ली. जीप मार्गासनीच्या वळणाला आली आणि छातीवर टाक पोळल्यासारखा वाटला. तिनं पदराआड हात घालून तो मुठीत धरला. थंडगार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जमायच्या आधी ती न्हाणीत गेली आणि तिनं दोऱ्याची गाठ सोडली. इतक्या वर्षांची गाठ, घामानं आणि तेलानं घट्ट बसलेली, दातांनी ओढावी लागली. टाक रुमालात गुंडाळला आणि देव्हाऱ्यात देवाच्या मागं ठेवला. माफ कर, असं म्हणावंसं वाटलं, पण माफी मागितली की परवानगी मागितल्यासारखं होतं, म्हणून म्हटलं नाही. पदर गळ्याभोवती चापून घेऊन ती अंगणात आली. मान इतकी हलकी लागत होती की तिला भीती वाटली.

बायका जमल्या. पीठ मळलं गेलं, गप्पा सुरू झाल्या. रत्ना आता थकली होती, गुडघे धरून बसायची, पण पाट तिनंच आणून मांडला. उजवीकडे, नेहमीच्या जागी. मंगल समोर बसली. पहिला ट्रे आत गेला, झाकण बसलं, झाकणावर ऐनाच्या लाकडाचे रसरशीत निखारे पसरले. शेफाली घरात मोबाईलवर नवऱ्याशी बोलत होती, तिचं हसू मधून मधून बाहेर यायचं.

मंगल वाकून बघायची आणि सरळ व्हायची. वाकायची आणि सरळ व्हायची. छातीला काहीच टेकत नव्हतं. हात आपोआप गळ्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. तिला कळेना, वेळ थोडा झालाय की खूप. फटीतून आत बघितलं तर धुराशिवाय काही दिसत नव्हतं. इतकी वर्षं ती नानकटाई बघतच नव्हती, हे तिला तेव्हा कळलं. ती नुसती चटक्याची वाट बघत होती. तिनं मान वर केली तर समोर मोकळा पाट. आजवर त्या पाटावर कुणीतरी आहे असं वाटून ती भिऊन नजर चोरायची. आज तिथं कुणीच नाही असं वाटलं, आणि त्याची भीती पहिल्या भीतीपेक्षा मोठी होती. ज्या बाईनं आपल्याला आयुष्यभर छळलं ती उठून गेली तर आपण एवढं घाबरतो कशाला, हे तिला समजेना. ती पाटाकडे बघत राहिली.

वास आधी रत्नाला आला. मग सगळ्यांनाच आला. मंगलनं झाकण फेकलं, नुसत्या पदरानं ट्रे ओढून बाहेर काढला. नानकटाई वरून तपकिरी आणि खालून कोळसा झाली होती.

रत्नाची नजर सवयीनं मंगलच्या गळ्याकडे गेली आणि तिथंच थांबली. पदर सरकला होता. काळा डाग उघडा पडला होता, वर काही नव्हतं.

"काढलास?" रत्ना हळूच म्हणाली. "अगं बाई, काढलंस तू तिला?"

कुणीतरी कपाळाला हात लावला. पहिल्या दिवाळसणाला असलं करतात का, पोरीच्या संसाराला अपशकुन, आत जा आणि आधी टाक बांध, असं जो तो बोलू लागला. मंगलला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की तिनं एकटीनं केलेली पहिली गोष्ट कोळसा झाली. म्हणजे आजवर जे काही चांगलं झालं ते दुसरीचं होतं, आळी खरं सांगत होती. तिला रडू आलं आणि ती सगळ्यांसमोर रडली. मग डोळे पुसून ट्रे उचलला, कोंबड्यांपुढे टाकायला निघाली.

तेवढ्यात शेफाली दारात आली. मोबाईल हातात तसाच, पलीकडे नवरा हॅलो हॅलो करतोय. ती नाकानं श्वास ओढत होती, लहान मूल उठल्या उठल्या ओढतं तशी. पायऱ्या उतरली, मंगलच्या हातातला ट्रे धरला, खाली ठेवला आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसली. एक नानकटाई उचलली, उलटी केली, काळा तळ बघितला आणि खाल्ली. दुसरी उचलली. कोळशाचा कुरुमकुरुम आवाज येत होता आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आईच्या अशाच असायच्या," ती म्हणाली. "खालून काळ्या."

मंगलनं रत्नाकडे बघितलं. रत्ना गुडघे चोळत जमिनीकडे बघत होती. बाकीच्या जुन्या बायका पिठाच्या परातीत बघत होत्या, आणि परातीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"करपवायची गं ती," शेवटी रत्ना म्हणाली. "दर साली करपवायची. बोलत बसायची, हसत बसायची, आन विसरायची. आमी खालचं खरवडून वरचं खायाचो. पर ती गेली आन मग कोन म्हननार तिला करपवायची म्हनून? गेलेल्या बाईला नावं ठेवत्यात व्हय?"

गेलेल्या बाईला नावं ठेवली नाहीत, हे ठीकच झालं. पण त्यापायी जिवंत बाईचं सगळं कौतुक गेलेलीच्या नावावर गेलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मंगल शेफालीशेजारी बसली. तिला राग आला, आळीचा, रत्नाचा, त्या सगळ्या दिवाळ्यांचा. ज्या बाईच्या पाटाला पाय लावायला ती घाबरली ती बाई कधी नव्हतीच. बायकांनी भट्टीभोवती बसून तिला घडवली होती, आणि दरवर्षी मंगलच्याच नानकटाईनं तिला पोसली होती.

"मग माझी का न्हाई खाल्लीस?" तिनं शेफालीला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. "एक तरी?"

शेफालीनं तोंडातला घास गिळला.

"तुझी चांगली झाली व्हती, मावशी. पयल्याच दिवाळीला. आन समद्या म्हनत व्हत्या, आईसारखीच झाली. मला वाटलं, म्या ही खाल्ली तर मलापन आई अशीच आठवंल. मग तिची खरी कुनालाच ठावं ऱ्हानार न्हाई."

नऊ वर्षांच्या पोरीनं एकटीनं केवढं सांभाळलं होतं. सगळी आळी एका बाईला गोड करत सुटली असताना तिनं तिचा कोळसा जिभेवर जपून ठेवला होता, आणि तो पुसला जाऊ नये म्हणून दरवर्षी गोडीत नको म्हणत आली होती. मंगलनं तिला जवळ ओढली. तिच्या ओठांच्या कडेला काळं लागलं होतं ते पदरानं पुसायला गेली, तर शेफालीनं तोंड फिरवलं आणि स्वतःच्या जिभेनं चाटून घेतलं.

निखाऱ्यांवर राख धरू लागली. बाकीच्यांचं पीठ परातीत पडून होतं आणि दिवाळी काही थांबणार नव्हती. मंगल उठून आत गेली. देव्हाऱ्यातून रुमाल काढला, टाक तळहातावर घेतला. हात जोडलेली ती ठिपक्यांच्या डोळ्यांची बाई पहिल्यांदाच तिला ओळखीची वाटली. बोलण्यात रमणारी, हसणारी, चुलीवरचं विसरणारी. अशा बाईशी आपलं जमलं असतं, असं तिला वाटलं. शेजारी राहायला असती तर रोज दुपारी जमलं असतं. आणि मग तिच्या मनात आलं, की नुसती चांदी तापायची आणि पोळायची, की आयुष्यभर नानकटाई करपवणाऱ्या बाईला आता तरी ते कळत होतं आणि ती दुसरीला वेळेवर उठवत होती? तिनं दोरा गळ्याभोवती घेतला आणि गाठ मारली.

दुसरा ट्रे आत गेला. मंगल वाकली, सरळ झाली, वाकली, सरळ झाली. चटका बसला तेव्हा तिनं झाकण उचललं. बदामी, बारीक भेगांची, तिच्या हातची. रत्नानं एक मोडून तोंडात टाकली, काहीतरी बोलायला मंगलच्या गळ्याकडे बघितलं आणि मग नजर उचलून तिच्या तोंडाकडे आणली.

"चांगली झालीय, मंगल," ती म्हणाली.

मंगलनं एक गरम नानकटाई उचलली आणि दरवर्षीसारखी शेफालीपुढे धरली. शेफालीनं ती घेतली. नाकाशी नेली नाही, पायरीवरही ठेवली नाही. हातात धरून बसली, तिची ऊब घेत. पुढ्यातला करपलेला ट्रे बराचसा रिकामा झाला होता.

"उद्या खाते, मावशी," ती म्हणाली. "आज तोंडात आई हाय."

मंगल व्हय म्हणाली. तिच्या हातातून ती नानकटाई घेतली, आत नेऊन कोनाड्याशेजारच्या फळीवर ठेवली, वर वाटी झाकली आणि बाकीच्या बायकांचे ट्रे लावायला परत अंगणात आली.